"त्यांना आवडतं गं" : गीता ६.३२ आणि झोपलेले डॉल्फिन



रोज एक श्लोक या आपल्या क्रमात आज सहाव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक आलाय. अध्याय ध्यानयोगाचा. भगवंत अर्जुनाला सांगतात की सुख असो किंवा दुःख, जो स्वतःवरून दुसऱ्याचं ओळखतो आणि सगळीकडे सारखंच पाहतो, तोच मला सगळ्यात मोठा योगी वाटतो. या श्लोकातला एकच शब्द आज धरूया : आत्मौपम्य. आत्म म्हणजे स्वतः, औपम्य म्हणजे उपमा, तुलना. स्वतःला उपमा म्हणून वापरायचं. मला टोचलं की दुखतं, म्हणजे त्यालाही दुखत असणार. इतकं सोपं.

सोपं आहे म्हणूनच हा श्लोक मी आजवर दोन-तीनदा वाचून "छान" म्हणून पुढे गेलो होतो. यंदा मे महिन्यात तो मला मॉरिशसमध्ये, हॉटेलच्या बाल्कनीत, पहाटे साडेपाचला भेटला आणि पुढे जाऊ देईना. त्याची गोष्ट आज सांगतो. गोष्टीत मी फारसा चांगला दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, बायको, आठ वर्षांची लेक चिऊ आणि आई. आईला गंगा तलावावर जाऊन महादेवाचं दर्शन घ्यायचं होतं. चिऊला वाळू हवी होती. आणि बायकोला डॉल्फिनसोबत पोहायचं होतं. शाळेत असताना तिने कुठल्याशा मासिकातलं डॉल्फिनचं चित्र कापून वहीला लावलं होतं, तेव्हापासूनची इच्छा. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तामारिन नावाचा उपसागर आहे, तिथे सकाळी सकाळी डॉल्फिन येतात आणि पर्यटकांना बोटीतून त्यांच्याजवळ नेऊन पाण्यात उतरवतात. पुण्यातूनच बुकिंग केलं होतं.

नेमकं त्या दिवशी आईला चक्कर आल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "तू चिऊला घेऊन जा, मी आईंजवळ थांबते. मी गुरुवारी जाईन." गुरुवारचं वेगळं बुकिंग केलं आणि मी चिऊला घेऊन निघालो.

बोट किनाऱ्यावरून सुटली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. बोटवाला हसतमुख माणूस. मोडक्या हिंदीत चिऊशी गप्पा मारत होता. त्याने सांगितलं, "हे स्पिनर डॉल्फिन. रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी इथे आरामाला येतात." चिऊने मान डोलावली. मीही डोलावली. "आराम" हा शब्द माझ्या कानावरून असाच निघून गेला.

थोड्या वेळाने पाण्यावर काळे पंख दिसले. दहा-बारा असतील, एकमेकांना अगदी चिकटून, संथ चाललेले. आणि त्यांच्या भोवती बोटी. मी मोजल्या, आमची धरून अकरा. पद्धत अशी की बोटीने वळसा घालून डॉल्फिनांच्या वाटेत पुढे जायचं, बोटवाला "जा, जा, जा" म्हणतो आणि सगळ्यांनी मास्क लावून पाण्यात उड्या टाकायच्या. डॉल्फिन खालून जातात. दहा-पंधरा सेकंद दिसतात. मग बोटीत परत यायचं, पुन्हा वळसा, पुन्हा उडी.

खरं सांगू का? पहिल्या वेळी मला रडू आलं. निळ्या पाण्यात खाली ते राखाडी देह, पूर्ण शांत. कुठली घाई नाही, आवाज नाही. दर्शन झालं असं वाटलं, आणि ते दर्शन खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या वेळी ते जरा खोल गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी दिशाच बदलली, आणि अकराच्या अकरा बोटींनीही दिशा बदलली.

चिऊ लाइफ जॅकेट घालून बोटीतच बसून बघत होती. मी वर आलो तर म्हणाली, "बाबा, ते काका म्हणाले ना की ते रात्रभर काम करून इथे झोपायला येतात? मग आपण त्यांना उठवतोय का?"

मी मास्क पुसत म्हणालो, "नाही गं. त्यांना आवडतं. बघ ना, हसताहेत कसे."

आणि चौथ्यांदा उडी मारली.

मंडळी, डॉल्फिनचं हसू हे हसू नसतं. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो दमलेला असो, आजारी असो, घाबरलेला असो, चेहरा तोच राहतो. हे मला माहीत होतं. तरी मी लेकीला तसं सांगितलं, कारण पैसे भरले होते, पाणी छान होतं आणि मला अजून एकदा उडी मारायची होती.

त्याच रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी रजेवर होतो. पण आपल्या क्षेत्रातल्यांना माहीत आहे, रजा असली तरी फोन उशाशीच असतो. ऑन-कॉलची सवय लागलेल्या माणसाची झोप कशी असते? अर्धी. एक कान जागाच. पलीकडे क्लायंटचा माणूस, त्याच्याकडे संध्याकाळ. काही बंद पडलं नव्हतं. डॅशबोर्डवरचा एक आकडा त्याला समजत नव्हता. "फक्त दोन मिनिटं," तो म्हणाला. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी तो खुशीत म्हणाला, "सॉरी हं, पण तुझ्याशी बोलायला नेहमीच छान वाटतं!"

फोन ठेवून मी बाल्कनीत आलो. डोकं भणभणत होतं. एकच विचार : याला कळत कसं नाही? मी झोपलोय, दमलोय, हे याच्या डोक्यात येतच नाही? याला छान वाटलं, म्हणून मलाही छान वाटलं असं याने ठरवूनच टाकलं?

आणि मग, हळूहळू, पोटात खड्डा पडला.

झोप तर गेलीच होती. फोनवर वाचत बसलो. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यातून वर येणारे लहान मासे आणि माकूल खातात. दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत पाण्यात येऊन विसावतात. डॉल्फिनला आपल्यासारखं झोपेत आपोआप श्वास घेणं जमत नाही, वर येऊन जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. म्हणून त्याच्या मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा जागा राहतो. पिल्लाला सांभाळायचं, शार्कवर नजर ठेवायची, हे सगळं त्या अर्ध्या झोपेतच. ती झोप रोज कोणी ना कोणी मोडत राहिलं तर रात्री शिकारीला आणि पिल्लांना सांभाळायला ताकद कमी पडते, असं अभ्यासकांना वाटतं. हवाई बेटांवर तर अमेरिकेच्या सरकारने २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्ड म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत जायला, त्यांच्यासोबत पोहायला बंदी केली आहे. कारण हेच : त्यांची विश्रांती.

जन्मभराचा ऑन-कॉल. आणि त्यांच्या त्या अर्ध्या झोपेत आम्ही अकरा बोटी घेऊन गेलो होतो. "फक्त दोन मिनिटं" म्हणत.

साडेपाचला नेहमीप्रमाणे गीता उघडली. क्रमाने आलेला श्लोक होता ६.३२.

आता जरा श्लोकाकडे नीट बघूया. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आधी आसन कसं असावं, मान-पाठ कशी ठेवावी, मन कसं आवरावं हे सगळं सांगितलंय. सोळाव्या आणि सतराव्या श्लोकात तर झोपेचाही विषय आलाय. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचा आहार-विहार, ज्याची झोप आणि जाग बेताची, त्याचंच दुःख योग दूर करतो. म्हणजे झोप ही साधनेतली अडचण नाही, साधनेचाच भाग आहे. आणि डोळे मिटून बसायचं हे सगळं शिकवून झाल्यावर कळस कशाचा? उघड्या डोळ्यांनी दुसऱ्याचं सुखदुःख ओळखण्याचा. ध्यान किती मिनिटं केलं हा प्रश्नच नाही. ध्यानातून उठल्यावर शेजारच्याचं दुखणं दिसतं का, हा आहे.

पण इथे एक चकवा आहे, आणि मी त्यातच सापडलो. "स्वतःवरून दुसऱ्याला ओळखावं" हे मी केलं नव्हतं का? केलं होतं की! मला मजा येतेय, म्हणजे त्यांनाही येत असणार. मी हसतोय, म्हणजे तेही हसताहेत. क्लायंटच्या माणसानेही तेच केलं. त्याला गप्पा छान वाटल्या, म्हणजे मलाही वाटल्याच. हे दिसायला आत्मौपम्य आहे, पण उलटं. यात मी माझी हौस दुसऱ्याच्या तोंडावर चिकटवतो आणि तिला त्याचं हसू म्हणतो.

खऱ्या आत्मौपम्यात उपमा हौसेची नसते, गरजेची असते. "मला काय हवंय" हे त्याच्यावर लादायचं नाही. "मी त्याच्या जागी असतो, रात्रभर राबून आलो असतो, तर मला काय लागलं असतं?" हे विचारायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सोयीचं येतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा मला काहीतरी सोडायला लावतं. उत्तर सोयीचं आलं की जरा थांबून पुन्हा तपासायचं, ही माझी स्वतःपुरती खूण झालीय.

आपल्या वारकरी परंपरेने हे किती गोड करून ठेवलंय बघा. आषाढीच्या वारीआधी पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग निघतो. देवाची शेजारती बंद, झोप बंद. लाखो लेकरं चालत आलीत, म्हणून देव चोवीस तास उभा. वारी उलगडली की प्रक्षाळपूजा होते. देवाला आंघोळ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग परत शेजघरात येतो. आपल्यातले काही शहाणे हसतात, दगडाच्या मूर्तीला कसला शीण? पण ज्याने ही रीत सुरू केली त्याचे स्वतःचे पाय चालून सुजले असतील. तो म्हणाला असेल, माझे पाय इतके दुखताहेत तर हा बिचारा विटेवर किती दिवस उभा आहे! आपल्या दुखऱ्या पायांवरून देवाचे पाय ओळखणं. भक्ती आणि आत्मौपम्य इथे एक होतात.

आणि देवाला उठवायचं असेल तर? आपण काकडा करतो, भूपाळी म्हणतो. हलक्या आवाजात, हात जोडून. इंजिन लावून त्याच्या वाटेत उड्या मारत नाही.

आता गोष्टीचा पुढचा भाग. इथे मी अजूनच खाली घसरलो.

श्लोक वाचून मी इतका भारावलो की सात वाजता फोन केला आणि गुरुवारचं बुकिंग रद्द करून टाकलं. पैसे परत मिळणार नव्हते, त्याचाही एक त्यागबिग केल्याचा आनंद झाला. नाश्त्याच्या टेबलावर बायकोला सगळं सांगितलं. डॉल्फिनची झोप, श्लोक, रद्द केलेलं बुकिंग.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डॉल्फिनची झोप तुला कळली. माझं बुकिंग होतं, मला विचारलंस?"

मी म्हणालो, "अगं, पण तुला पटलंच असतं ना."

"पटलं असतं. म्हणूनच विचारायचं होतंस. मी स्वतः नको म्हणाले असते." मग आवाज खाली आणून, आईला ऐकू जाणार नाही इतका, "चिऊ लहान होती तेव्हा तीन वर्षं माझी एक रात्र सलग झोप झाली नाही. तू शेजारीच होतास. तेव्हा हा श्लोक तू वाचला नव्हतास का?"

वाचला होता. तेव्हाही वाचला होता.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. समुद्रातल्या प्राण्याचं दुःख दिसणं त्या मानाने सोपं आहे. त्याचा आपल्यावर काही हिशेब थकलेला नसतो. एका बेडवर झोपणाऱ्या माणसाचं दुःख बघायचं तर आधी आपली बाकी दिसते. भगवंत "सगळीकडे" सारखं पाहायला सांगतात ते बहुधा याचसाठी. आपण आपल्याला सोपी जागा निवडू नये म्हणून.

दुपारी मी चिऊला घेऊन वाळूत बसलो. म्हटलं, "चिऊ, काल तू विचारलंस ना, आपण त्यांना उठवतोय का म्हणून? आपण उठवत होतो."

तिने किल्ल्यावरून मान वर केली. "मग तू खोटं बोललास?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"थोडं माहीत होतं. मला पोहायचं होतं, म्हणून मी माहीत नसल्यासारखं केलं."

ती विचार करून म्हणाली, "मी पण कधी कधी तसं करते." आणि परत किल्ला बांधायला लागली. मला वाटतं, आयुष्यात इतक्या लवकर मला कोणी माफ केलेलं नाही.

गुरुवारी पहाटे, बायकोच्याच म्हणण्यावरून, आम्ही चौघं नुसते तामारिनच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. आईने थर्मासमध्ये चहा घेतला होता. लांब पाण्यावर बोटी दिसत होत्या आणि त्यांच्या मध्ये, डोळे ताणले तर, काळे ठिपके. आई सगळं ऐकून होती. तिने त्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली, "झोपा रे बाबांनो." बस, एवढंच.

शेवट गोड करायचा मोह होतोय, पण तसं नाही. बायको डॉल्फिनसोबत पोहली नाही आणि तिला त्याची हुरहूर आहे. मला ती पुसता येणार नाही. एवढंच झालंय की परत आल्यापासून सकाळचा चिऊचा डबा माझ्याकडे आहे. पावणेसहाला मी उठतो आणि बेडरूमचं दार हळूच ओढून घेतो. पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात. पण ती सातपर्यंत झोपते. त्या ओढून घेतलेल्या दाराबाहेर मी रोज क्षणभर उभा राहतो. माझ्यासाठी ६.३२ चं पारायण सध्या तेच आहे.

यावर "रोज कसं जमणार?" असं मनात आलं असेल तर तुम्ही एकटे नाही. या श्लोकाच्या लगेच पुढे, तेहतिसाव्या-चौतिसाव्या श्लोकात अर्जुन नेमकं हेच म्हणतो. तुम्ही सांगताय ते चुकीचं आहे असं तो म्हणत नाही. ते टिकणार नाही, म्हणतो. मन चंचल आहे, वाऱ्यासारखं, मुठीत राहत नाही. भगवंतही त्याला खोडून काढत नाहीत. मान्य करतात, आणि पस्तिसाव्यात दोन गोष्टी सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. माझ्या शब्दांत सांगायचं तर रोज थोडं करत राहा, आणि रोज थोडं सोडत राहा. चौथी उडी न मारणं, हेही वैराग्यच. छोटंसं.

तर आजचा आपला अभ्यास, तीन गोष्टी :

एक. आज कोणाला तरी "फक्त दोन मिनिटं" म्हणणार असाल, तर फोन लावण्याआधी त्याच्या घड्याळात किती वाजलेत ते बघा. खरंच तातडीचं नसेल तर मेसेज टाकून ठेवा, सकाळी वाचेल.

दोन. "त्यांना आवडतं", "तिला चालतं", "त्याला सवय आहे" हे शब्द तोंडात आले की थांबा. ज्याच्याबद्दल बोलताय त्याला विचारता येत असेल तर विचारा. विचारता येत नसेल, तर स्वतःला त्याच्या जागी ठेवून मगच बोला.

तीन. सुट्टीत दापोली-मुरूड, तारकर्ली किंवा गोव्याला डॉल्फिन बघायला जाल. जरूर जा. तिथले डॉल्फिन वेगळ्या जातीचे, पण पाठलाग कोणालाच नको असतो. बोटवाल्या काकांना आधीच सांगा, "काका, मागे लावू नका, लांबूनच दाखवा. नाही दिसले तरी चालेल, पैसे पूर्ण देऊ." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पाठलाग ते करतात, पण आपल्या हट्टासाठी. त्यांच्या पोटाचा विचार करणं हेही आत्मौपम्यच आहे.

उद्या अर्जुनाची शंका जरा सविस्तर बघू. तोवर घरात कोणी झोपलं असेल, तर दार हळूच लावा.

राम कृष्ण हरी.